‘किडनॅप’ म्हणजे नेमकं काय?

आज आपण एकच इंग्रजी क्रियापद घेऊ : किडनॅप. अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, पळवून नेणे. पण कोणाला, कसं, आणि त्या व्यक्तीची इच्छा असेल तर काय, इथे खरी गंमत आहे.

‘किड’ म्हणजे मूल. ‘नॅप’ म्हणजे मात्र डुलकी नव्हे. ते ‘नॅब’चं भावंड, झडप घालून उचलणे. सतराव्या शतकात इंग्लंडमधली मुलं अमेरिकेतल्या वसाहतींत नोकर, मजूर म्हणून पाठवायला चोरली जात, त्या धंद्यातला हा चोरांच्या बोलीतला शब्द. पुढे मुलांची अट गळाली. आज खंडणीसाठी उद्योगपतीलाही किडनॅप करतात.

दुसरा शब्द ‘ॲबडक्ट’. हा लॅटिनमधून आलेला, ‘दूर नेणे’ अशा अर्थाचा, म्हणून जरा भारदस्त. बोलताना दोन्ही एकमेकांच्या जागी चालतात. (परग्रहवासी मात्र इंग्रजीत बहुधा ॲबडक्टच करतात!)

कायद्यात असं चालत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १३७ पाहा. अठरा वर्षांखालच्या मुलाला पालकांच्या संमतीवाचून त्यांच्या ताब्यातून नेलं किंवा फूस लावून नेलं, की ते किडनॅपिंग. मूल स्वतः ‘हो’ म्हणालं होतं, हा बचाव नाही. कलम १३८ मधल्या ॲबडक्शनला वयाची अट नाही, पण तिथे बळजबरी किंवा फसवणूक लागते. म्हणजे एका शब्दात प्रश्न पालकांच्या संमतीचा, दुसऱ्यात नेलेल्या माणसाच्या.

आपल्या मराठीत ‘अपहरण’ दोन्हींना पुरतं. आणि ‘हरण’ तर त्याहून ऐसपैस : सीतेचंही हरण आणि रुक्मिणीचंही. एकीला तिच्या मनाविरुद्ध नेलं, दुसरीने स्वतः निरोप धाडून कृष्णाला बोलावलं. शब्द तोच!

हा फरक कोर्टापुढेही आला. एस. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य, १९६४. अठरा पुरी व्हायला थोडाच अवधी असलेली कॉलेजातली मुलगी. तिनेच फोन करून तरुणाला बोलावलं, मग लग्नाच्या कराराची नोंदणी झाली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ‘नेणं’ वेगळं आणि सोबत येऊ देणं वेगळं, तरुण सुटला. मात्र त्याने आधी फूस लावली असती, तर निकाल फिरला असता.

आता पेपरातलं नेहमीचं वाक्य घ्या : ‘अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले.’ वाचताना आपल्याला वाटतं, कोणीतरी त्या इसमाला पाहिलं असणार. तसं असेलच असं नाही. हरवलेल्या मुलाची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं आहे. मूल रागावून मामाकडे गेलेलं असू शकतं, खरोखर कोणी उचललेलंही असू शकतं. त्या वाक्यातला ‘इसम’ तपास सुरू व्हावा म्हणून पहिल्या दिवशीच लिहिलेला असतो.