परगांवीं पहिलें घर

जून महिना लागला कीं आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील एस. टी. स्थानकांवर एक नेहमींचें दृश्य दिसूं लागतें. तरुण मुलगा, त्याच्याजवळ गुंडाळलेली गादी, पिठाचा डबा, आणि पोंचवावयास आलेले आईबाप. कोणी मेहकरकडील खेड्यांतून बुलढाण्यास शिकावयास निघालेला असतो, कोणी नोकरीसाठीं थेट पुण्याची गाडी धरतो. पोटासाठीं गांव सोडणें आम्हांस नवें नाहीं. १८७० सालीं जलंबहून खामगांवास आगगाडीची शाखा आली, तेथील कापसाचा बाजार वाढला, आणि पुढें सरकी काढण्याच्या व गांठी बांधण्याच्या कारखान्यांत खेड्यापाड्यांतील माणसें हंगामापुरतीं येऊं लागलीं. त्या प्रत्येकापुढें पहिल्या रात्रीं एकच प्रश्न असे, व तो आजही आहे: राहावयाचें कोठें?

मी स्वतः १९७९ सालीं शिक्षकाची नोकरी धरून खेड्यांतून शहरांत आलों. आमच्या गांवीं बैल उसना दिला तरी कोणी लिहून घेत नसे. सारा गांवच साक्षीला असे. तीच समजूत घेऊन मीं एक खोली पाहिली. घरमालक वयोवृद्ध, बोलणें गोड. दीडशें रुपये अनामत म्हणून त्यांच्या हातीं दिले. वडीलधाऱ्या माणसापाशीं पावती कशी मागावी, या संकोचानें मीं ती मागितली नाहीं. तीन वर्षांनीं ते वारले. खोली सोडतांना मीं अनामतीची गोष्ट काढली, तेव्हां त्यांचे चिरंजीव शांतपणें म्हणाले, “मास्तर, बाबांच्या वहींत अशी नोंद नाहीं.” ते खोटें बोलत होते असें मला आजही वाटत नाहीं. वहींत नोंद नव्हतीच. परंतु घरीं बाळंतपण तोंडावर आलें होतें, आणि त्या दीडशें रुपयांच्या भरंवशावर मीं सारा हिशेब मांडला होता. त्या दिवशीं एक गोष्ट कळली: परक्या गांवांत आपल्याला साक्षीदार नसतो, तेथें कागद हाच साक्षीदार.

हा कागद कसा असावा, तें आतां पाहूं. घर देण्याचे दोन प्रकार आहेत. भाडेपट्ट्यानें घराच्या उपभोगाचा हक्क भाडेकरूस मिळतो. ‘लिव्ह अँड लायसन्स’ या प्रकारांत ठराविक मुदतीपुरती केवळ राहण्याची परवानगी मिळते. मुदत संपतांच घर सोडावें लागतें, न सोडल्यास ठरल्या रकमेच्या दुप्पट आकार देण्याची पाळी येते. आजकाल बहुतेक नवागतांस घर मिळतें तें या दुसऱ्या प्रकारानें. म्हणून सही करण्यापूर्वीं कागदावर काय लिहिलें आहे तें स्वतः वाचावें.

मुदत अकराच महिन्यांची कां, असें पुष्कळ जण विचारतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यानें एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविणें आवश्यक केलें. ती नोंदणी टाळण्यासाठीं अकरा महिन्यांची चाल पडली. परंतु ३१ मार्च २००० पासून अंमलांत आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या ५५ व्या कलमानें ही पळवाट बुजविली आहे. करार कोणत्याही प्रकारचा असो, तो लेखी व नोंदलेला पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. शिवाय नोंदणी नसेल तर अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलें जातें. स्टॅम्पाच्या कागदावर मजकूर टंकून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे नोंदणी झाली, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे.

करारांत अनामतीचा आकडा अक्षरांतही लिहावा व ती केव्हां परत मिळेल तें नमूद करावें. घर सोडण्याची सूचना किती दिवस आधीं द्यावयाची, दुरुस्तीचा खर्च कोणीं करावयाचा, तेंही लिहावें. राहावयास येतांच विजेच्या मीटरचा आंकडा टिपून दोघांनीं सही करावी. भाडे बँकेमार्फत द्यावें, किंवा दरमहा पावती घ्यावी. पावती देणें हें घरमालकाचें कायदेशीर कर्तव्य आहे. आणि घर पाहावयास दुपारीं जावें. पत्र्याचें छप्पर वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत काय करतें, तें संध्याकाळच्या वाऱ्यांत समजत नाहीं. नळाला पाणी किती दिवसांनीं येतें, हेंही मालकापेक्षां शेजाऱ्यांस विचारावें.

आतां दोन शब्द घरमालक श्रोत्यांसाठीं. दारीं आलेल्या नवख्यास आपला पहिला प्रश्न बहुधा असतो, “आडनांव काय?” हा प्रश्न साधा वाटतो, परंतु त्यामागें काय दडलेलें असतें तें आपण सारे जाणतों. १९१७ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेंत व इंग्लंडांत शिकून बडोदें संस्थानच्या नोकरींत रुजू झाले, तेव्हां त्या शहरांत त्यांस कोणी घर देईना. एका पारशी पथिकाश्रमांत पारशी नांव सांगून त्यांनीं थोडे दिवस काढले. तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावानें त्यांस घालवून दिलें. एवढ्या विद्वान पुरुषानें शेवटीं एका बागेंत बसून दिवस काढला व मुंबईची गाडी धरली. त्या गोष्टीस शंभरांहून अधिक वर्षें झालीं, तरी पुण्यास गेलेला माझा एखादा विद्यार्थी जेव्हां दूरध्वनीवर सांगतो, “गुरुजी, खोली रिकामी होती, आडनांव सांगितलें आणि ती भरली,” तेव्हां मला उत्तर सुचत नाहीं.

गांवांत ओळखीवर व्यवहार चालतो, म्हणून तेथें कागद लागत नाहीं. शहरांत ओळख नसते. तिची जागा आडनांवानें घ्यावयाची कीं लेखी करारानें, हें ठरविणें आपल्या हातीं आहे. करारांत दोघांचीं कर्तव्यें स्पष्ट असतात, मालकाचें घर सुरक्षित राहतें, आणि येणाऱ्याची अब्रूही राहते. कागद मागणें म्हणजे अविश्वास दाखविणें, असें माझ्या तरुणपणीं मला वाटे. त्या समजुतीची किंमत मीं भरली आहे. यंदा जूनमध्यें ज्यांचीं मुलें परगांवीं निघतील, त्या आईबापांनीं पिठाच्या डब्याबरोबर एवढी गोष्टही त्यांच्या पदरीं बांधावी, हीच विनंती.