तबला व पखवाज यांचे ध्वनिमुद्रण : मायक्रोफोन कोणता व कोठे?

उत्सवातील भजनांचे ध्वनिमुद्रण हल्ली घरोघरी ऐकले जाते. त्याविषयी एक तक्रार नेहमी कानी येते. गाणे स्पष्ट, पेटी स्पष्ट. पण तबला डबा बडविल्यासारखा, आणि डग्गा तर नाहीच! हा दोष वादकाचा नसतो, व पुष्कळदा यंत्राचाही नसतो. मायक्रोफोन भलत्याच जागी ठेवलेला असतो. ती जागा कशी निवडावी, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

ही बाब क्षुल्लक नव्हे. एकोणिसाव्या शतकात इंदूरच्या होळकर दरबारी नाना पानसे यांनी पखवाजवादनाची थोर परंपरा उभी केली. परंतु त्यांच्या हाताचा नाद आज कोणासही ऐकता येत नाही. तो शिष्यपरंपरेवरूनच ताडावा लागतो. त्या काळी साधने नव्हती. आज ती खिशात असता आपल्या वृद्ध वादकांचा हात आपण नीट जतन करावयास नको काय?

प्रथम वाद्याचा स्वभाव पाहू. साध्या ताणलेल्या कातड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. तबल्याच्या शाईमुळे मात्र ते मूळ स्वराच्या पटीत येतात व म्हणूनच तबला स्वरात लावता येतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हे दाखविले आहे. चाटेवरचा ‘ना’, लवेवरचा ‘तीं’ आणि डग्ग्याचा ‘घे’ हे सर्व हवेत मिसळून आपल्या कानी पडतात. मायक्रोफोन पुडीला अगदी चिकटविला, तर तो समोरच्या दोन बोटे जागेचाच नाद उचलतो. फार दूर नेला, तर तबल्याऐवजी खोलीच ऐकू येते.

मायक्रोफोन मुख्यत्वे दोन जातींचे मिळतात. डायनॅमिक जातीचा दणकट असतो व त्यास वेगळी वीज लागत नाही. कंडेन्सर जातीचा अधिक नाजूक. बोटांची बारीक कामगत तो उत्तम टिपतो, पण बहुधा त्यास यंत्रातून ४८ व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो. कर्णे चालू असलेल्या मंडपात पहिला बरा, शांत खोलीत दुसरा. दोन्हींत एका दिशेचे ऐकणारा प्रकार निवडावा व त्याची बहिरी पाठ गायकाकडे किंवा कर्ण्याकडे करावी.

एकच मायक्रोफोन असेल तर तो वादकाच्या समोरून, तबला व डग्गा यांच्या मधोमध, पुडीपासून सुमारे ४५ सेंटिमीटर वर धरावा व तोंड खाली कलते ठेवावे. डग्गा कमी वाटला, तर यंत्रावरची बटणे फिरविण्यापूर्वी मायक्रोफोनच चार बोटे त्या बाजूस सरकवावा.

दोन मायक्रोफोन वापरताना एक अडचण येते. नाद एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. एकाच थापेचा नाद दोघांस निरनिराळ्या वेळी पोचतो. एका लहरीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडला की नाद पोकळ होतो. यास्तव जाणकार एक नियम पाळतात: मायक्रोफोन वाद्यापासून जितका दूर, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन मायक्रोफोनांमध्ये असावे. तबला-डग्ग्याच्या पुड्यांचे मध्य साधारण ३० सेंटिमीटर दूर असतात. म्हणजे प्रत्येक मायक्रोफोन १० सेंटिमीटरवर, वादकाचा हात अडणार नाही अशा बेताने, तिरपा लावावा. त्याहून दूर न्यावयाचा असेल तर एकच पुरे. डग्ग्याजवळ विशेष जपावे, कारण एका दिशेचा मायक्रोफोन फार जवळ नेला की खर्ज फुगतो व घुमाऱ्याचा नुसता गोंगाट होतो.

पखवाजाची तोंडे दोन टोकांस असल्यामुळे तेथे दोन मायक्रोफोन सहज शोभतात. प्रत्येक तोंडापासून एक वीत अंतर ठेवावे. डाव्या तोंडास कणीक लावल्यावरच आवाजाची पातळी ठरवावी, आधी नव्हे.

आता खोलीविषयी. उघडी फरशी व कोऱ्या भिंती नाद परतवितात. सतरंज्या व गाद्या अंथराव्यात. पंखे बंद ठेवावेत. मायक्रोफोनचा स्टँड वादकाच्या लाकडी चौथऱ्यावर ठेवू नये; थापेचा हादरा त्यातून चढतो. वादकास सर्वांत जोराची थाप मारावयास सांगून पातळी कमाल मर्यादेच्या १० ते १२ डेसिबल खाली ठेवावी. मर्यादा ओलांडून फाटलेला नाद पूर्वस्थितीस आणणे जवळजवळ अशक्यच. मोबाइलवर मुद्रण करावयाचे तर आपोआप पातळी बदलणारी सोय बंद करता आल्यास करावी. तिच्यामुळे हळुवार व जोरकस बोल सारखेच होऊन बसतात.

दोन मिनिटे मुद्रण करून प्रथम वादकालाच ऐकवावे. आपला हात तोच ओळखतो. त्याने मान डोलावली की मग पुढे जावे. शेवटी वादकाचे नाव, तारीख, ताल व तबल्याचा स्वर लिहून मूळ मुद्रणाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. नातवंडांस आजोबांचा ठेका ऐकावयाचा असेल, तेव्हा तो तबल्यासारखा ऐकू यावा, डब्यासारखा नव्हे.