एसएमएस गेला, पण उत्तर कुठे अडकलं?

आज बोलूया ऑर्डरच्या सॉफ्टवेअरमधून ग्राहकाला जाणाऱ्या एसएमएसबद्दल.

साताऱ्यातल्या एका कंदी पेढेवाल्या काकांसाठी मी असं सॉफ्टवेअर लिहिलं. ऑर्डर पक्की झाली की मेसेज आपोआप जायचा. शेवटी मी हौसेनं लिहिलेलं, 'बदल असल्यास कळवा.' सांगलीच्या एका ताईंनी कळवायचा प्रयत्न केलाही: साखरपुडा पुढे गेलाय, पेढे नकोत. ते उत्तर आमच्यापर्यंत आलंच नाही. ठरल्या दिवशी पाच किलो पेढे त्यांच्या दारात! चूक माझी.

का झालं असं? हे मेसेज मोबाइल नंबरवरून जात नाहीत, सहा अक्षरी हेडरवरून जातात. त्यावर रिप्लाय करता येत नाही.

मग मजकूर लगेच बदलायचा ना? तेही जमत नाही. ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार हेडर आणि मजकुराचा साचा, दोन्ही आधी डीएलटीवर नोंदवावे लागतात. नाव, तारीख, रक्कम अशा ठरलेल्या जागाच बदलता येतात. बाकी मजकूर साच्याशी जुळला नाही, तर मेसेज अडतो.

नव्या साच्यात दुकानाचा फोन नंबर टाकला. पण इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, मराठीत ७०च; काना, मात्रा, अनुस्वारही वेगळे मोजतात. त्यापुढे गेलं की दोन एसएमएसचे पैसे. काका म्हणाले, "मग इंग्रजीत टाक की!" मी म्हटलं, "काका, मराठीच ठेवू, पाल्हाळ काढू."

तुमच्या दुकानाचा मेसेज एकदा स्वतःच्या फोनवर मागवा आणि त्याला उत्तर द्यायचा प्रयत्न करून बघा. भेटू पुढच्या भागात!