स्वमग्न मुलाच्या उपचारांचा श्रीगणेशा

‘मुलगे जरा उशिराच बोलतात, याचे वडीलही चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते,’ हे वाक्य डोंबिवली-कल्याणच्या चाळींतून आणि ठाण्याच्या सोसायट्यांतून सहजपणे उच्चारले जाते आणि तितक्याच सहजपणे ते कित्येक मुलांची दोन-दोन वर्षे गिळून टाकते. हाक मारली तरी वळून न पाहणारे, हवी ती वस्तू बोटाने न दाखविता आईचा हात धरून तिला तिकडे ओढत नेणारे, बाटलीचे झाकण तासन्‌तास फिरवीत बसणारे, कुकरच्या शिट्टीने कानांवर हात दाबून किंचाळणारे मूल हट्टी आहे, लाडावलेले आहे, घरात बोलायला कुणी नसल्याने मागे पडले आहे, असे निदान शेजारीपाजारी करून मोकळे होतात. मुलाचे कान तपासून घेणे आणि विकासाची जाण असलेल्या बालरोगतज्ज्ञाला गाठणे मात्र लांबणीवर पडते.

स्वमग्नता ही मेंदूच्या विकासातील भिन्नता होय. लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने 1943 मध्ये अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध करून तिला वैद्यकशास्त्रात स्थान मिळवून दिले. पुढे दोन दशके या अवस्थेचे खापर आईच्या ‘थंड’ वागणुकीवर फुटत राहिले. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी 1964 मध्ये त्या समजुतीला शास्त्रीय आव्हान दिले. शास्त्रातून ती कल्पना हद्दपार झाली. आपल्याकडील घराघरांतून झाली आहे, असे म्हणवत नाही. नोकरी करणाऱ्या आईला ‘तू घरी असतीस तर’ हे अजूनही ऐकावे लागते. उपचारांच्या आरंभी पहिली गोष्ट करावयाची असेल, तर हा आरोप मागे घेण्याची.

दुसरी गोष्ट म्हणजे वर्तनोपचार हे काय प्रकरण आहे ते नीट समजून घेणे. या उपचारात औषध नाही. प्रत्येक वर्तनाला काही निमित्त असते आणि त्याचा काही परिणाम होतो. ते निमित्त आणि तो परिणाम विचारपूर्वक बदलले की वर्तनही बदलत जाते, हे त्याचे मूलतत्त्व. तहान लागलेले मूल आईला माठाकडे ओढते आणि आई मुकाट्याने पेला भरून देते, तोवर त्याला बोलण्याची गरजच पडत नाही. तीच आई पेला दिसेल असा हातात धरून क्षणभर थांबली, मुलाने पेल्याकडे बोट केले वा पाण्याचे चित्र हाती दिले की तत्काळ पाणी देऊ लागली, आणि काही आठवड्यांनी ‘पा’ एवढ्या उच्चाराचीही वाट पाहू लागली, तर दिवसातून दहा वेळा धडा होतो आणि बक्षीस म्हणून पाणीच मिळते. दात घासणे, सदरा घालणे, पंगतीत बसणे अशी मोठी कामेही याच रीतीने लहान लहान पायऱ्यांत विभागून शिकविता येतात. दुकानात मूल जमिनीवर लोळण घेते तेव्हा त्याला बिस्किट हवे आहे, गर्दीतून सुटका हवी आहे की दिव्यांचा लखलखाट सोसवत नाही, याचा शोध आधी घ्यावयाचा असतो. कारण तिन्हींवरील उत्तर वेगवेगळे आहे.

या पद्धतीचा इतिहास मात्र निर्दोष नाही. कॅलिफोर्नियातील इव्हार लोव्हास यांनी 1987 मध्ये आठवड्याला चाळीस तास शिक्षण दिलेल्या 19 मुलांपैकी 9 मुले बुद्धिमापनात आणि शाळेत सर्वसाधारण मुलांच्या बरोबरीने आल्याचे प्रसिद्ध केले आणि जगभरच्या पालकांच्या आशा पालवल्या. परंतु मुलांचे गट चिठ्ठ्या टाकावे तसे यदृच्छेने पाडलेले नव्हते, शिवाय ओरडणे आणि प्रसंगी चापट मारणे हाही त्या शिक्षणाचा भाग होता. त्याआधीच्या प्रयोगांत तर विजेचे धक्केही वापरले गेले होते. आज प्रौढ झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्ती त्या कवायतीच्या कटू आठवणी सांगतात. डोळ्याला डोळा भिडविण्याची सक्ती, हात फडफडविण्यावर बंदी, आज्ञेबरहुकूम बसणे-उठणे यांतून मूल आज्ञाधारक होईल. समजून घेतले जाईलच असे नाही. सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांनी विकसित केलेल्या पद्धतीत खेळ आणि मुलाची स्वतःची आवड हाच शिकविण्याचा मार्ग मानला गेला. दीड ते अडीच वर्षांच्या 48 मुलांवरील तिची चाचणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली आणि दोन वर्षांनंतर भाषा व समज यांत झालेली प्रगती तीत दिसून आली. उपचार लवकर सुरू करावेत, या सल्ल्यामागे असा आधार आहे.

परंतु आठवड्याला वीस-तीस तासांचे हे शिक्षण डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या संसाराला परवडावे कसे? तास मोजून आकारली जाणारी फी, ठाण्याला वा मुंबईला न्यावयाचे तर गर्दीची लोकल, आणि गर्दी व गोंगाट हेच ज्याचे दुखणे ते मूल कडेवर! अखेरीस बहुधा आईचीच नोकरी सुटते आणि घरात एक पगार उरतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न शेजारच्या गोव्यात झाला आहे. गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे मिळून 65 मुलांवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे तज्ज्ञांनी नव्हे, तर प्रशिक्षण व देखरेख लाभलेल्या साध्या आरोग्यसेवकांनी पालकांबरोबर काम केले. मुलाबरोबर खेळतानाचे चित्रण पालकांना दाखवून, मूल पुढाकार कुठे घेते आणि त्याला प्रतिसाद कसा द्यावा, हे शिकविण्यात आले. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले आपण होऊन अधिक संवाद करू लागली. सर्वच बाबतींत सुधारणा झाली नाही, हेही नमूद केले पाहिजे. तथापि शिक्षण घरापर्यंत नेता येते आणि त्यासाठी प्रत्येक गल्लीत तज्ज्ञ असावा लागत नाही, एवढे त्यातून निश्चित झाले.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन महापालिकांची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच तीस लाखांच्या घरात होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात 127 व्यक्तींमागे एक स्वमग्न होती. हे प्रमाण येथे लावले तर वीस हजारांहून अधिक व्यक्तींचा हा प्रश्न आहे. कायद्यानेही त्यांची दखल उशिराच घेतली. 1995 च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो पक्का केला. राष्ट्रीय न्यासाची एक लाख रुपयांपर्यंतची ‘निरामय’ विमा योजना आहे. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांच्या तपासणीत स्वमग्नतेचाही समावेश आहे.

तपासणी आहे, कायदा आहे. उणीव आहे ती निदानानंतरच्या दुसऱ्या दिवसाची. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही महापालिकांचीच आहेत. तेथे पालकांना शिकविणारा वर्तनोपचार कक्ष नेमाने चालावा, संध्याकाळी आणि रविवारीही उघडा असावा, आणि वॉर्डावॉर्डातील आशा व अंगणवाडी सेविकांना त्याच्याशी जोडून द्यावे, ही मागणी अवाजवी नाही.

तोवर पालकांनी दोन पथ्ये पाळावीत. ‘सहा महिन्यांत बरा करतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. मूलपेशी टोचण्यासाठी दागिने मोडण्याची पाळी आणणाऱ्या उपचाराला तर शास्त्रीय आधारच नाही. आणि उपचारकाची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी पाहावी, मुलाच्या शिकवणीला आपल्याला बसू देतात का, हे विचारावे. दार बंद ठेवणाऱ्याकडे मूल सोपवू नये.

उपचारांनी मूल शेजारच्या मुलासारखे होईल की नाही, हे कुणी सांगू शकत नाही. परंतु तहान लागली असता पाणी मागता यावे, नको ते नको म्हणता यावे, दुखते तेथे बोट ठेवता यावे, एवढे साध्य झाले तरी ते थोडे नव्हे. वाट पाहायचीच असेल, तर ती मुलाच्या पहिल्या खुणेची पाहावी. उपचारांच्या प्रारंभासाठी नव्हे.