वजनाचा ताळेबंद

'पंधरा दिवसांत दहा किलो वजन घटवा! व्यायाम नको, पथ्य नको!' अशी जाहिरात तुम्ही कोठे ना कोठे पाहिली असेल. एस.टी. स्थानकाच्या भिंतीवर, वर्तमानपत्राच्या घडीत घातलेल्या रंगीत कागदावर, नाहीतर घरातल्या मोबाइलवर. आणि घरातल्या कोणीतरी, कदाचित आईने, कदाचित काकांनी, ती जरा आशेने वाचलीही असेल. ही जाहिरात खरी की खोटी, हे ठरवायला डॉक्टर असण्याची गरज नाही. नववीचे विज्ञान आणि साधा गुणाकार-भागाकार पुरतो. चला, करूनच पाहू.

आपल्या शरीरातील एक किलो चरबीत सुमारे 7,700 किलोकॅलरी ऊर्जा साठवलेली असते. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास जेवढी उष्णता लागते, ती एक किलोकॅलरी. आहाराच्या गप्पांत लोक जिला नुसती 'कॅलरी' म्हणतात, ती हीच. दहा किलो चरबी म्हणजे 77,000 किलोकॅलरी. पंधराने भागा. रोज 5,100 हून अधिक किलोकॅलरींची तूट पडली पाहिजे! पण सर्वसाधारण प्रौढ माणूस चोवीस तासांत खर्च करतो सुमारे 2,000 ते 2,500. म्हणजे बिचाऱ्याने पंधरा दिवस पाण्याखेरीज काहीही तोंडात घातले नाही, तरी पाच किलोसुद्धा चरबी जळणार नाही. जाहिरातीचा हिशेब येथेच कोसळतो.

मग 'पहिल्याच आठवड्यात माझे दोन किलो उतरले' असे सांगणारे लोक खोटे बोलतात काय? मुळीच नाही. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन या पिष्टमय पदार्थाचा सुमारे अर्ध्या किलोचा साठा असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. खाणे एकदम तोडले की शरीर आधी हा साठा वापरते. सुटे झालेले पाणी लघवीवाटे निघून जाते. काटा दोन किलो खाली येतो, चरबी मात्र बहुतेक जागच्या जागीच राहते. पुढे नेहमीचे जेवण सुरू झाले, की साठा भरतो, पाणी परत येते, काटा वर चढतो. आणि माणूस कपाळाला हात लावून म्हणतो, 'माझ्यात निग्रहच नाही.' त्याच्या निग्रहाचा यात काय दोष? आले-गेले ते पाणी होते.

जावाच्या बंदरातील डॉक्टर

शरीराला असा हिशेब लावणे म्हणजे सजीवाला यंत्र समजणे नव्हे काय, अशी शंका तुमच्या मनात येईल. गंमत अशी, की ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम ज्यांना सर्वांत आधी सुचला, त्यांपैकी एकाला तो माणसाच्या शरीरातच दिसला. रॉबर्ट मायर हा जर्मन डॉक्टर 1840 साली एका जहाजाबरोबर जावा बेटावर गेला होता. त्या काळी आजारी माणसाची शीर कापून रक्त काढण्याची पद्धत होती. खलाशांच्या शिरेतून निघालेले रक्त त्याला नेहमीपेक्षा फारच तांबडे दिसले. त्याने तर्क केला: या उष्ण प्रदेशात अंग उबदार ठेवण्यासाठी अन्नाचे ज्वलन कमी पुरते, म्हणून रक्तातला ऑक्सिजन कमी वापरला जातो. या तर्कातून पुढे जात 1842 साली त्याने उष्णता आणि कार्य ही एकाच राशीची दोन रूपे आहेत, असे प्रसिद्ध केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ॲटवॉटर या शास्त्रज्ञाने एका बंद खोलीत माणसांना काही दिवस ठेवून त्यांचे अन्न, श्वास आणि बाहेर पडणारी उष्णता मोजली. जमा आणि खर्च जुळले.

तेव्हा नियम पक्का आहे. मात्र तो वापरताना भलेभले एके ठिकाणी फसतात. ते ठिकाण आता पाहू.

पंचवीस वर्षांत माणूस नाहीसा?

समजा, 70 किलो वजनाचे एक गृहस्थ दिवसाकाठी तीन कप चहा घेतात, प्रत्येक कपात दोन चमचे साखर. त्यांनी ती एका चमच्यावर आणली. चमचाभर साखर म्हणजे 5 ग्रॅम, म्हणजे 20 किलोकॅलरी. रोजची बचत 60, वर्षाची 21,900. भागिले 7,700. उत्तर आले वर्षाला 2.84 किलो. छान! पण हाच हिशेब पुढे रेटा. पंचवीस वर्षांत 71 किलो. म्हणजे केवळ चहातली साखर कमी केल्याने हे गृहस्थ पंचवीस वर्षांनी नाहीसेच व्हायला हवेत!

चूक कोठे झाली? जमा कमी झाली तरी खर्च तेवढाच राहील, असे आपण धरून चाललो. तो तेवढा राहत नाही.

आपल्या कळंबजवळचे धनेगावचे मांजरा धरण डोळ्यांपुढे आणा. धरणात येणारे पाणी कमी झाले, की पातळी उतरू लागते. पण पातळी उतरली, की पाण्याचा पसारा आकसतो. पसारा आकसला, की बाष्पीभवनही घटते. शेवटी कमी आवक आणि कमी जावक यांचा मेळ बसतो आणि पाणी नव्या, खालच्या पातळीवर स्थिरावते. शरीराचे तसेच आहे. हलके शरीर चालवायला ऊर्जा कमी लागते. म्हणून वजन उतरता उतरता खर्चही उतरतो आणि काटा नव्या जागी थांबतो.

तो कोठे थांबेल आणि केव्हा? अमेरिकेतील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली यासाठी एक सोपा अंदाज दिला. प्रौढ माणसाच्या रोजच्या आहारात 24 किलोकॅलरींचा कायमचा फरक पडला, तर वजनात अखेर सुमारे एक किलोचा फरक पडतो. त्यापैकी निम्मा साधारण पहिल्या वर्षात, आणि 95 टक्के तीन वर्षांत. आपल्या गृहस्थांसाठी 60 भागिले 24, म्हणजे अडीच किलो. तेही तीन वर्षांनी.

हा आकडा पाहून तुमची निराशा झाली असेल, पण त्यातली मुदत नीट पाहा. जे शरीर स्थिरावायला तीन वर्षे घेते, त्याच्यावर पंधरा दिवसांचा 'कोर्स' काय परिणाम करणार? आणि गृहस्थांनी तीन वर्षांनी पुन्हा दोन चमचे सुरू केले, तर वजन त्याच वाटेने, त्याच गतीने परत वर येणार. वजन उतरल्यावर जे सोडून द्यायचे ठरलेले आहे, असे पथ्य मुळात सुरू करण्यातच अर्थ नाही. जे दहा वर्षे सहज पाळता येईल, तेवढेच धरावे. माझ्या मते या विषयातील 'योग्य मनोवृत्ती' म्हणतात ती एवढीच. बाकी जोशपूर्ण भाषणे ऐकून फारसे काही होत नाही.

उलट बाजूचे उदाहरणही नोंदलेले आहे. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर वजन घटवण्याची एक स्पर्धा होत असे. तीस आठवडे कडक आहार आणि प्रचंड व्यायाम. त्यातील 14 स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासले आणि 2016 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरासरी 58 किलो घटले होते, त्यांतले 41 परत आले होते. शिवाय स्वस्थ पडून असतानाचा त्यांच्या शरीराचा खर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 किलोकॅलरींनी कमी राहिला होता. शरीराने जणू काटकसर सोडलीच नव्हती.

दोनदा जेवावे की दर दोन तासांनी?

हा वाद तुम्ही घरी ऐकला असेल. आपल्या शेजारच्या लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रौढांसाठी सांगितले: दिवसातून दोनदाच जेवा आणि 45 मिनिटे चाला. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी दर दोन तासांनी थोडे थोडे खाण्याचा मार्ग सांगितला. 2018 च्या सुमारास यावर महाराष्ट्रात घरोघरी दोन तट पडले होते. दोन्ही वाटांनी उतरलेले लोक भेटतात. मला त्यांतले साम्य अधिक लक्षणीय वाटते. दोन्हींत खाण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत, म्हणजे येता-जाता फरसाणाच्या डब्यात हात घालणे आपोआप थांबते. आणि ठरवलेली गोष्ट रोज होते.

मग व्यायाम कशाला?

एक उदाहरण सोडवा. 50 किलो वजनाचा विद्यार्थी 3 मीटर उंचीचा एक मजला चढतो. वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांचा गुणाकार 1,470 ज्यूल, म्हणजे 0.35 किलोकॅलरी. स्नायूंची कार्यक्षमता 20 ते 25 टक्के धरली, तर प्रत्यक्ष खर्च सुमारे दीड किलोकॅलरी. चमचाभर साखर फेडायला तेरा-चौदा मजले! आपल्या गावात एवढी उंच इमारतही नाही. चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीला पायी गेलात आणि समजा पंचवीस किलोमीटर चाल झाली, तरी 60 किलोच्या माणसाचा जादा खर्च साधारण 750 किलोकॅलरी, म्हणजे शंभर ग्रॅमसुद्धा चरबी नाही. पण तोच माणूस रोज एक किलोमीटर जास्त चालू लागला, तर वर्षाकाठी हिशेब 10,000 च्या वर जातो.

तरीही व्यायामाची खरी कमाई वजनकाट्यावर दिसतच नाही. लंडनच्या दुमजली बसगाड्यांत वाहक दिवसभर जिने चढे-उतरे आणि चालक बसून असे. जेरेमी मॉरिस यांनी 1953 साली दाखवले, की वाहकांमध्ये हृदयविकार चालकांपेक्षा कमी होता.

आपल्यासाठी याहून महत्त्वाचे काम पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले, तर दोघांचेही उत्तर 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो आढळले, तर ब्रिटनमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे 3.5. आपली बाळे लहानखुरी, स्नायू कमी. चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसांना मधुमेह का गाठतो, याचे एक कारण येथे आहे. घरातले 'मी कुठे जाड आहे?' म्हणणारे काका यासाठी कंबरेला टेप लावून पाहू शकतात. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी 80 ही धोक्याची खूण मानतात. रक्तातली साखर सर्वाधिक शोषून घेतात ते स्नायू, आणि स्नायू राखतो तो व्यायाम.

सवय किती दिवसांत लागते?

'एकवीस दिवसांत' असे सर्रास सांगतात. लंडनमधील फिलिपा लॅली यांनी 96 जणांना रोज एक ठरावीक गोष्ट एका ठरावीक प्रसंगाला जोडून करायला सांगितली. उदाहरणार्थ, न्याहारीनंतर चालणे. ती आपोआप होऊ लागायला मधला कालावधी आला 66 दिवस. कोणाला 18 पुरले, तर कोणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. जड पेटी ढकलताना सुरुवातीला जोर जास्त लागतो, एकदा सरकली की कमी. स्थितिक घर्षण गतिक घर्षणाहून मोठे असते, हे तुम्ही शिकला आहात. सवयीला हा नियम लागू आहे असे मी म्हणत नाही, उपमा म्हणून घ्या. पण मोटारसायकलची किल्ली खुंटीवरून काढून कपाटात ठेवली आणि चपला दारात ठेवल्या, तर कोपऱ्यावरच्या दुकानात पायी जाणे वाढते, हे घरी करून पाहण्यासारखे आहे.

तुमच्यासाठी मात्र एक सक्त सूचना. तुम्ही वाढीच्या वयात आहात. आहार तोडणे तुमच्यासाठी नाही. एखाद्याचे वजन खरेच चिंतेचे वाटले, तर डॉक्टरांना दाखवावे. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल सांगते. खो-खो, कबड्डी, सायकल, काहीही. शिक्षकबंधुभगिनींना विनंती, की खेळाचा तास गणिताला देऊ नये, आणि आरोग्य तपासणीच्या दिवशी मुलांची वजने वर्गात मोठ्याने वाचू नयेत. त्या एका आकड्यावरून पडलेले टोपणनाव शाळा सुटेपर्यंत पाठ सोडत नाही.

प्रयोगासाठी घरातल्या तयार असलेल्या मोठ्या माणसाला गाठा. त्यांचे वजन महिनाभर रोज सकाळी, चहाच्या आधी, त्याच काट्यावर नोंदवा. एके दिवशी लिटरभर पाणी पिण्याआधी आणि नंतर लगेच मोजा. काटा बरोबर एक किलो वर गेलेला दिसेल. मग आलेखकागदावर रोजचे आकडे निळ्या शाईने मांडा, आणि दर दिवशी मागील सात दिवसांची सरासरी काढून ती तांबड्या शाईने. निळी रेघ उड्या मारेल. त्यांना वाचून दाखवायची ती तांबडी.