खुब्यातील धातू आणि रक्तातील अंश

देहूरोड-चाकण पट्ट्यातील यंत्रशाळेत हयात घालवलेल्या कामगारास हे सांगावे लागत नाही की, धातूवर धातू अहोरात्र घासला तर, वंगण कितीही उत्तम असो, झीज व्हायचीच; परंतु यंत्रातला चुरा पुसून काढता येतो, देहातला नाही. कोबाल्ट-क्रोमियमचा गोळा त्याच मिश्रधातूच्या वाटीत फिरतो, अशा कृत्रिम खुब्यातून अतिसूक्ष्म कण सुटतात, त्यांचे आयन रक्तात उतरतात, आणि पुनर्शस्त्रक्रियेत सांध्याभोवतालचे मांस करडे-काळे पडलेले दिसते. क्वचित श्रवण, दृष्टी व हृदय यांनाही कोबाल्टची बाधा होते. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीने असेच ‘एएसआर’ खुबे ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवले. भारतात तोवर ते बसवण्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत कंपनीविरुद्ध फिर्याद दाखल केली, हे त्या खात्यास भूषणावहच. मात्र केंद्र सरकारचे नुकसानभरपाईचे सूत्र २०१८ साली ठरावे, ही दिरंगाई अक्षम्य होय. ज्यांच्या खुब्यात असा सांधा आहे, त्यांनी शस्त्रक्रियेचे दफ्तर जपावे आणि वेदना नसली तरी अस्थिरोगतज्ज्ञास विचारून रक्तातील कोबाल्ट-क्रोमियम तपासून घ्यावे. ब्रिटिश नियामकांनी सावधगिरीची मर्यादा प्रतिलिटर ७ मायक्रोग्रॅम धरली आहे.