नवख्याचा करार: भाव आधीच ठरलेला

अमेरिकन फुटबॉलमधल्या एनएफएल लीगच्या ड्राफ्टची बातमी वाचताना आपल्याला आयपीएलच्या लिलावाची सवय नडते. ड्राफ्टमध्ये बोली लागतच नाही. संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात आणि कोण कितव्या क्रमांकावर निवडला गेला, त्यावर त्याचे पैसे जवळजवळ ठरून जातात. एजंट कितीही तयारीचा असो, त्याच्या हाती घासाघीस उरते ती बारीकसारीक कलमांची.

पूर्वी असं नव्हतं. २०१० मध्ये सेंट लुईस रॅम्सने पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डशी ६ वर्षांचा ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. त्यातले ५ कोटी हमीचे. एनएफएलमध्ये अजून एक चेंडूही न फेकलेल्या पोराला! पुढच्याच वर्षी लीग आणि खेळाडू संघटनेच्या करारात याला चाप बसला. २०११ मध्ये पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला मिळाले ४ वर्षांचे सुमारे २ कोटी २० लाख.

करार चार वर्षांचा म्हणजे चार वर्षांची निश्चिंती, हाही भ्रमच. करार बांधतो खेळाडूला. संघ त्याला मधेच नारळ देऊ शकतो. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडलेल्यांची रक्कम हमीची असते, शेवटच्या फेऱ्यांत मात्र सहीच्या वेळचा बोनस सोडला तर फारसं काही पक्कं नसतं. २०२५ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सने दुसऱ्या फेरीतल्या जेडन हिगिन्सला पूर्ण हमी दिली, आणि तशीच हमी मागत त्या फेरीतले बहुतेक खेळाडू जुलैपर्यंत सही न करता अडून बसले. पहिल्या फेरीच्या करारात पाचवं वर्षही असतं, पण ते घ्यायचं की नाही हे ठरवतो संघ.

मग चमकलेल्याचा पगार लगेच वाढत असेल? तीन हंगाम संपेपर्यंत नव्या कराराची बोलणीच करता येत नाहीत. ब्रॉक पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमधला २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा. २०२३ च्या हंगामात त्याने सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सना सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत नेलं, तेव्हा त्याचा मूळ पगार होता ८ लाख ७० हजार डॉलर. संघाची पगारमर्यादा तेव्हा २२ कोटी ४८ लाख होती. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा पर्डीसारखा मुख्य खेळाडू, इतका स्वस्त पडला की उरलेल्या पैशात बाकीचा संघ तगडा करता येतो. त्याच वर्षी फोर्टीनाइनर्सनी बचावपटू निक बोसाशी ५ वर्षांचा १७ कोटींचा करार केला. पर्डीची पाळी आली २०२५ मध्ये: ५ वर्षं, साडेसव्वीस कोटी.

ज्यांची निवडच होत नाही त्यांचा करार तीन वर्षांचा असतो, आणि बोलावणी एकाहून अधिक आली तर कोणत्या संघात जायचं हे ते स्वतः ठरवतात. ही मुभा पर्डीला नव्हती.